नऊ नंबरची आई

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, बायकांचा अख्खा वॉर्ड जेवून पेंगत असताना, सिस्टर सिसिलियांनी आपल्या सख्ख्या आईला चालताना पकडलं.

औषधांची ट्रॉली लोटत त्या आत आल्या, तर नऊ नंबरची खाट रिकामी. मग दिसलं, मुक्ताबाई खिडकीशी उभ्या आहेत. एक हात वॉकरवर, दुसऱ्यानं पडदा जरासा सारलेला, आणि प्लास्टरमधला डावा पाय फरशीवर असा टेकलेला, जसा काही तो कधी मोडलाच नव्हता. हीच बाई त्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या प्रज्ञेशसमोर, पाय जमिनीला लागायच्या आतच, "मेले गं मरियामाते!" म्हणून ओरडली होती. बिचाऱ्या प्रज्ञेशनं घाबरून तिला परत निजवलं होतं.

"आई!"

मुक्ताबाई दचकल्या नाहीत. ब्याऐंशी वर्षांत दचकायची सवयच त्यांनी लावून घेतली नव्हती. पडदा सोडला, वॉकर टेकत चार पावलं आल्या, खाटेवर बसल्या, दोन्ही हातांनी पाय उचलून वर घेतला आणि डोळे मिटून कण्हायला लागल्या.

"कण्हू नकोस. मी पाहिलंय."

मुक्ताबाईंनी एक डोळा उघडला. "पाह्यलंस ना? मंग हळू बोल. आठ नंबरची जागी हाय."

"कधीपासून चालतेस?"

"परवापास्नं. दुपारचं. समदी झोपली की."

"आणि प्रज्ञेशसमोर?"

"त्याच्यासमोर दुखतंय."

सिस्टरांनी ट्रॉली भिंतीला लावली आणि त्या स्टुलावर बसल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नाटकं करणारे पेशंट ढिगानं पाहिले होते. परीक्षा चुकवायला पोट धरणारे, सासरी जायचं नाही म्हणून ताप काढणाऱ्या. पण त्यातल्या कोणी त्यांना न्हाऊमाखू घातलेलं नव्हतं.

"खिडकीतून काय बघत होतीस?"

मुक्ताबाईंचा चेहरा एकदम उजळला. "दोघं संगं गेले गं! डबे घेऊन एका येळी पायऱ्या उतरले. आन मच्छूनं श्यामसाठी गेट धरलं. धरलं म्हंजे, त्याच्या तोंडावर सोडलं न्हाई."

मग सिस्टरांना सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मच्छिंद्र आणि श्यामसुंदर, सिस्टरांचे दोन भाऊ, एक थोरला आणि एक धाकटा, सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक लग्नपत्रिका. मच्छिंद्रच्या मुलाच्या लग्नात 'आपले नम्र' या मथळ्याखाली श्यामचं नाव सातवं छापलं गेलं होतं. वधूच्या मामाच्याही खाली. चूक छापखान्याची, असं मच्छिंद्र म्हणायचा. छापखान्याला आपल्या घरातली माणसं कशी माहीत, असं श्याम विचारायचा. त्यानंतर श्यामनं बिऱ्हाड हलवलं ते थेट वारज्याला. थोरला मांजरीत, धाकटा वारज्यात. पुण्यात राहून एकमेकांपासून याहून लांब जाता येत नाही. आई मांजरीला. श्याम तिला रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर भेटायचा आणि भाऊ गाडी घेऊन यायच्या आत निघून जायचा.

आणि मग आई बाथरूममध्ये घसरली, घोटा मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. वॉर्डात एका वेळी दोनच पास. खाटेच्या उजवीकडे मच्छिंद्र, डावीकडे श्याम.

"पयल्या तीन दिवसांत एक सबुद न्हाई," मुक्ताबाई सांगायला लागल्या. "चौथ्या दिशी श्याम म्हनला, 'पंखा.' मच्छू उठला, पंखा कमी केला. तिथनं सुरुवात. काल अकरा सबुद झाले. आज," त्यांनी उशीखालून जपमाळ काढली आणि अंगठा कुठल्या मण्यावर आहे ते दाखवलं, "सतरा."

"आई, जपमाळ त्यासाठी नसते."

"देवबापाला ठावं हाय म्या कशापायी मोजते."

"मला हे डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांग की. मी घरी जाते. ह्यो मांजरीला, त्यो वारज्याला. मंग मी मेल्यावर भेटतील दोघं. तवा सबुद मोजायला मी नसंन."

आईला रडून काही मागता येत नव्हतं, असं मागता येत होतं.

"मी खोटं बोलणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"बोलू नगं. कोनी इचारलं तर सांग. न्हाई इचारलं, तर तू आपली गोळ्या वाट."

सिस्टरांनी गोळ्या वाटल्या. त्या संध्याकाळी चॅपलमध्ये गुडघे टेकल्यावर त्यांनी देवाला सगळं सांगितलं, आणि देवानं काही उलट विचारलं नाही, ही आपल्याला मिळालेली परवानगी आहे असं परस्पर ठरवून टाकलं.

पण माणसं विचारतात. गुरुवारी भेटीच्या वेळेत दोन्ही भाऊ आपापल्या बाजूला बसलेले असताना सिस्टर ताप बघायला आल्या. दोघंही उठून उभे राहिले. सुशीला नन होऊन तिची सिसिलिया झाल्यापासून, म्हणजे अडतीस वर्षं, तिचे भाऊ ती आली की उठायचे, खुर्ची पुढे करायचे आणि तिला 'तुम्ही' म्हणायचे. लहानपणी याच मच्छिंद्रनं तिची वेणी खाटेच्या पायाला बांधली होती.

"सिस्टर, एक विचारू?" श्याम म्हणाला. तो शाळेत हेडक्लार्क होता आणि प्रश्न विचारताना फाइल उघडल्यासारखा चष्मा वर करायचा. "आई चालणार कधी?"

मुक्ताबाईंनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. जप चालला होता की धमकी, कळायला मार्ग नव्हता.

"आज सकाळी प्रज्ञेशनं प्रयत्न केला," सिस्टर म्हणाल्या. "एकही पाऊल टाकलं नाही तिनं."

शब्द न् शब्द खरा होता.

"म्हणजे अजून दुखतंय?"

"ती म्हणते दुखतंय."

हेही खरं. सिस्टरांनी थर्मामीटर झटकला. तो डिजिटल होता, झटकायची काहीच गरज नव्हती.

"वय झालंय," मच्छिंद्र भिंतीकडे बघत म्हणाला.

"बाथरूममध्ये मॅट टाकायला वय लागत नाही," श्याम दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाला.

"मॅट होती."

"मग ती घसरली असेल."

मुक्ताबाईंचा अंगठा माळेवर भराभर सरकत होता. भांडण का असेना, शब्द होते.

बाहेर पॅसेजमध्ये दोन्ही वहिन्या बाकावर बसल्या होत्या; मच्छिंद्रची मार्था आणि श्यामची रोझलिन. नवरे बघत असतील तेव्हा बाकाच्या दोन टोकांना. आत्ता मात्र दोघींची डोकी एका मोबाइलवर टेकली होती आणि रोझलिन म्हणत होती, "वहिनी, तुम्ही पाठवलेलं ते ढोकळ्याचं प्रमाण चुकलंच. दगड झाला."

सिस्टरांना बघून दोघी फट्कन लांब सरकल्या.

"किती वर्षं?" सिस्टरांनी विचारलं.

"सहा," मार्था खाली मान घालून म्हणाली. "ते दोघं बोलत नाहीत म्हणून आम्ही का नाही बोलायचं? पण सिस्टर, ह्यांना सांगू नका हं."

सिस्टरांच्या पोटात आता दोन गुपितं झाली. व्रत घेताना गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन एवढंच विचारलं होतं; पोटात किती मावतं ते कोणी विचारलं नव्हतं.

आणि तिसरं संकट म्हणजे मच्छिंद्रची मुलगी तनुजा. खराडीच्या ऑफिसातून ती थेट वॉर्डात आली, आजीच्या खाटेपाशी वाकली, आणि बाहेर येऊन आत्याला कोपऱ्यात घेतलं.

"आत्या, आजीच्या प्लास्टरचा तळवा मळलाय."

"हो का?"

"झोपून राहिलेल्या पेशंटचा तळवा मळतो?"

"तनुजा," सिस्टर म्हणाल्या, "माझी इंजेक्शनची वेळ झाली आहे." आणि ती खरोखरच झाली होती, निदान सव्वा तासानं होणार होती. त्या भराभर चालत सुटल्या. मागून तनुजाचं "अनबिलिव्हेबल!" ऐकू आलं.

शुक्रवारी राउंडला डॉक्टर इम्तियाजनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "सुंदर बसलंय हाड. आजींनी आत्तापर्यंत चालायला हवं होतं. भीती आहे, दुसरं काही नाही. उद्या घरी सोडा, सिस्टर. घरी गेल्या की चालतील."

मुक्ताबाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी तक्त्याकडे.

शनिवारी उजाडल्यापासून मुक्ताबाई दुप्पट कण्हत होत्या; साडेनऊला कॅज्युअल्टीतून फोन आला, खाट आहे का म्हणून. सिस्टर स्वतः खाली गेल्या. स्ट्रेचरवर खातूनबी होत्या, पंचाहत्तरीच्या, मांडीचं हाड मोडलेलं. शेजारी त्यांची मुलगी जिनत उभी होती, आईच्या तोंडावर ओढणीनं वारा घालत.

"सिस्टर, सकाळी सातपासून इथंच आहोत. वर जागा होईल ना?"

"होईल," सिस्टर म्हणाल्या. "आजच होईल." आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्यांना आपल्या आईचा राग येत गेला, आणि वरच्या पायरीवर तो सगळा स्वतःचा आला.

"आई, बास," त्या खाटेशी जाऊन म्हणाल्या. "खाली एक बाई मोडलेली मांडी घेऊन स्ट्रेचरवर पडली आहे. तू तिच्या खाटेवर झोपून शब्द मोजते आहेस. आणि मी तुला मोजू देते आहे."

मुक्ताबाईंनी जपमाळ गळ्यात घातली. "आधी का न्हाई सांगितलं? चल, आवर माझं. एवढी पापी समजलीस का मला?"

सिस्टरांनी पिशवी भरायला घेतली. मुक्ताबाई लेकीच्या हातांकडे बघत बसल्या.

"काल श्याम हसला," त्या हळूच म्हणाल्या. "मच्छूनं बशीतला चहा अंगावर सांडला, तर हसला. आवाज न्हाई काढला, पर खांदं हललं. अजून चार दिस मिळाले असते ना, सुशे..."

"आई."

"न्हाई मागत. पर तू येवढी वर्सं दुसऱ्याच्या लेकरांसाठी डोकं चालीवलंस. येकदा घरच्यांसाठी चालीव. खोटं नगं बोलू. खरंच बोल, पर चालाख बोल."

सिस्टरांनी पिशवीची चेन लावली. त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. तो कागद त्यांनीच चिकटवला होता: दर शनिवारी दुपारी बारा ते एक लिफ्टची देखभाल, लिफ्ट बंद राहील. म्हणूनच शनिवारचे डिस्चार्ज त्या नेहमी एकनंतर ठेवायच्या.

त्या शनिवारी त्यांनी मच्छिंद्र आणि श्याम या दोघांना फोन करून सांगितलं, आईला न्यायला बरोबर बाराला या.

दोघंही वेळेवर आले, सहकुटुंब. वारजं काय, मांजरी काय, बहिणीनं वेळ दिली की पाळायची, एवढा धाक अजून होता. बारा वाजून दोन मिनिटांनी मच्छिंद्रनं लिफ्टचं बटण तीनदा दाबलं.

"बंद आहे," सिस्टर म्हणाल्या. "एक वाजता सुरू होईल."

"मग थांबतो तासभर."

"थांबू शकता. पण खाली एक पेशंट पाच तास या खाटेची वाट बघते आहे. खाट धुऊन, पुसून, वाळवून तयार करायला मला तास लागतो. लिफ्ट सुरू झाली की तिला लगेच वर घ्यायचं आहे."

"वॉर्डबॉय?" श्यामनं विचारलं.

"जेवायला गेलेत. दोघंही."

तेही खरंच होतं. आजच्यापुरतं लवकर जा, असं त्यांना सिस्टरांनी सांगितलं होतं. पण ते कोणी विचारलं नाही.

"एकच मजला आहे," सिस्टर पुढं म्हणाल्या. "अठरा पायऱ्या. आणि आई बेचाळीस किलोची. चार हातांची खुर्ची केली की झालं. समोरासमोर उभे राहा. आपल्या उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरायचं, आणि डाव्या हातानं समोरच्याचं उजवं."

दोघं भाऊ हलले नाहीत. पॅसेजमध्ये मार्था आणि रोझलिन श्वास रोखून उभ्या होत्या. तनुजा हाताची घडी घालून आत्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती.

"मी एकटाच उचलतो," मच्छिंद्र म्हणाला.

"सिस्टर, थोरल्यांना सांगा, त्रेसष्टाव्या वर्षी जिन्यात पराक्रम करू नयेत. एक पेशंट नेताना दुसरा ठेवून जावा लागेल."

"त्यांना सांगा, माझे हात मजबूत आहेत."

"असतीलच. पत्रिकेतून नावं खाली ढकलायला ताकद लागते."

"मी कुणालाही काही सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डात शिकाऊ नर्सेस ज्या आवाजाला घाबरायच्या, तो आवाज लागला होता. "हात पुढे करा. दोघंही. आत्ता."

हात पुढे आले. मच्छिंद्रचा कारखान्यात राबलेला जाड पंजा श्यामच्या मनगटावर बसला, आणि श्यामची शाईची बोटं मच्छिंद्रच्या. मुक्ताबाई त्या चार हातांवर अशा बसल्या, जशी एखादी बाई स्वतःच्या घरच्या झोपाळ्यावर बसते. दोन्ही हात दोन्ही मुलांच्या गळ्यात टाकले.

"घट्ट धर रे," मच्छिंद्र म्हणाला.

"धरलंय. तू पाय जपून टाक, मागं पायरी आहे."

"डावीकडं घे."

"तुझ्या डावीकडं की माझ्या?"

"आईच्या!"

पाठोपाठ पिशव्या घेऊन बायका, आणि सर्वांत मागं वॉकर घेऊन सिस्टर. जपमाळ गळ्यात होती आणि हात अडकलेले होते, त्यामुळे मुक्ताबाईंना शब्द मोजता येत नव्हते. पण त्यांचं तोंड असं फुललं होतं, की त्यांनी मोजणी सोडून दिली असावी. आठव्या पायरीवर श्यामला धाप लागली. मच्छिंद्र थांबला. "टेक जरा. भिंतीला टेक," म्हणाला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो धाकट्याच्या तोंडाकडं बघून बोलला होता. सिस्टरांनी वॉकर आवळून धरला. जमलं, असं त्यांना वाटलं. जरा गर्वच झाला.

गर्व पोर्चपर्यंत टिकला.

आईला खालच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दोघं आपापल्या गाड्या आणायला गेले. दोन्ही गाड्या एकाच वेळी आल्या, नाकाला नाक लावून थांबल्या आणि दोन्हींची मागची दारं उघडली.

"आई, चल," मच्छिंद्र म्हणाला.

"कुठं? परत त्या बाथरूममध्ये?" श्याम म्हणाला. "आई वारज्याला येणार. कमोड आहे, हँडल आहे, मॅट आहे."

"तिचं घर मांजरीला आहे."

"तिथं तिचं नाव तरी आहे का दारावर? की ते पण वधूच्या मामाच्या खाली?"

"अरे, छापखान्याची चूक होती!"

"प्रूफ कुणी तपासलं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच मच्छिंद्रच्या तोंडावर आला होता.

"मीच तपासलं," तो म्हणाला. "चष्मा नव्हता लावला. नवीन लागलाय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

"मग हे सहा वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस का? तू नुसती पत्रिका फेकलीस!"

"मी फेकली नाही, ठेवली!"

"माझ्या तोंडावर ठेवली!"

आवाज चढत गेले. वॉचमन शिटी वाजवावी की नाही या विचारात उभा राहिला. मुक्ताबाई खुर्चीतून "अरे ऐका, अरे लेकरांनो" म्हणत होत्या, पण त्यांच्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. आणि मग त्यांचा संयम संपला. त्या उठल्या. सहा पावलं, प्लास्टरसकट, ताड ताड ताड चालत गेल्या, एका हातानं एका गाडीचं दार लावलं, दुसऱ्या हातानं दुसऱ्या गाडीचं, आणि मधोमध उभ्या राहून गरजल्या, "गप बसा!"

दोन्ही भाऊ गप्प बसले. मार्थाच्या हातातली पिशवी पडली. रोझलिननं तोंडावर हात ठेवला.

आणि त्या शांततेत सिस्टर सिसिलिया ओरडल्या, "आई! वॉकर! किती वेळा सांगितलं, वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही!"

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

तनुजा सावकाश वळली. "आत्या, आम्ही सगळे शॉकमध्ये आहोत. तू का नाहीस?"

श्यामनं चष्मा वर केला. तो आईकडं बघत होता, मग आईच्या पायाकडं, मग बहिणीकडं. "सिस्टर, तुम्हाला माहीत होतं?"

सरळ प्रश्न. वाकडी वाट एकही उरली नव्हती.

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि लिफ्ट?" मच्छिंद्रनं विचारलं.

"लिफ्ट खरंच बंद आहे."

"बाराला या म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"आणि वॉर्डबॉय?"

सिस्टरांनी खाली पाहिलं. "लवकर जेवायला पाठवले."

दोन्ही भाऊ एकमेकांकडं वळले. दोघांच्या कपाळावर अगदी एकाच जागी, बापासारखी, एकच शीर ताठ उभी राहिली होती.

"अठरा पायऱ्या!" मच्छिंद्र श्यामला म्हणाला.

"पाठ गेली माझी," श्याम मच्छिंद्रला म्हणाला. "आणि ही वॉकर घेऊन मागनं येतेय!"

"सुशे!" मच्छिंद्र बहिणीवर फिरला. "लाज नाही वाटत? गळ्यात क्रूस घालतेस आणि सख्ख्या भावांना हमालीला लावतेस?"

"लहानपणापासून अशीच आहे," श्याम म्हणाला. "आठवतं, आंबे हिनं खाल्ले आणि मार आपण?"

"आपण कुठं, मीच! तू तर पळालास!"

"पळालो म्हणजे, तूच म्हणालास पळ!"

"बरं, ते सोड. हिला आधी बोलू दे मला."

"तुझं झालं की मी आहेच."

दोघांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून मच्छिंद्रच्या गाडीत मागं बसवलं. कुठली गाडी, कुठलं घर, हे त्या रागात कोणी विचारलंच नाही. श्याम सरळ भावाशेजारी पुढं बसला. आपली किल्ली त्यानं खिडकीतून रोझलिनकडं फेकली. "तू आमच्या मागनं ये. माझं आईशी बोलून व्हायचंय."

"मी पण येते तुझ्याबरोबर," मार्था रोझलिनला म्हणाली, आणि कोणी काही विचारायच्या आत तिच्या गाडीत बसली.

गाडी गेटातून बाहेर पडली तेव्हा दोन्ही भावांची तोंडं चालू होती. श्याम मान मागं वळवून, मच्छिंद्र आरशात बघून. मागच्या काचेतून मुक्ताबाईंचं पांढरं डोकं दिसत होतं. त्या खाली मान घालून ऐकून घेत होत्या. त्यांचा हात मात्र गळ्यापाशी गेला होता आणि अंगठा चालू होता.

सिस्टर वर गेल्या. नऊ नंबर घासून पुसला, गादी उलटली, चादर ताणून चारही कोपरे दुमडले. एकला लिफ्ट सुरू झाली आणि खातूनबी वर आल्या. त्यांना खाटेवर घेतल्यावर, मांडीखाली उशी देता देता, जिनत म्हणाली, "सिस्टर, सकाळी तुम्ही किती चिडलेल्या दिसत होता. आता एकदम खूश! काही चांगली बातमी आली का?"

"हो," सिस्टर सुशीला सिसिलिया म्हणाल्या. "घरच्यांनी आज खूप झापलं मला."